घरचे राजी आहेत, तरी बिनसतंय. पुस्तकांत असं प्रेम आहे का?

परवा रात्री साडेअकराला एक मेसेज आला. आमच्या शनिवारच्या वाचनाच्या बैठकीला येणारा मुलगा, नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी, कोपऱ्यात बसतो, बोलतो कमी, मेसेज मात्र हातभर लांब. सार एवढंच की सहा वर्षांचं प्रेम आहे, दोन्ही घरं राजी, साखरपुडा झाला, हॉल बुक झाला, आणि गेले तीन महिने दोघं एकमेकांची नुसती उलटतपासणी घेऊन राहिले. कुणाशी बोललीस, उशीर काहून झाला, आधी तू असा नव्हतास. मग प्रश्न: "मॅडम, प्रेमाच्या गोष्टींत अडचण नेहमी बाहेरूनच येते. बाप आडवा येतो, जात, पैसा, नाहीतर शाप. आमच्यात तर कोणीच आडवं नाही. मग आमच्यासारखं काही साहित्यात आहे, की आम्हीच येडे?"

येडे नाही बाप्पा. एकतीस वर्षं मी नागपुरात कॉलेजच्या पोरापोरींना हेच शिकवलं, आधी मराठी आणि मग संस्कृतचे जोडतास, आणि रिटायर झाल्यावरही तेच चालू आहे, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तुझं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. गोष्टीत अडचण बाहेरून येते खरी, पण ती बरेचदा लेखकाने तिथं आणून ठेवलेली असते. शाकुंतल घे. शाळेपासून आपल्याला माहीत आहे की दुर्वासाने शाप दिला, अंगठी नदीत पडली, माशाच्या पोटात गेली, म्हणून दुष्यंत शकुंतलेला विसरला, बिचाऱ्याचा काय दोष. पण महाभारतातलं मूळ शकुंतलेचं आख्यान काढून वाच. तिथे शापही नाही आणि अंगठीही नाही. ती पोराला घेऊन भर दरबारात उभी राहते आणि राजाला सगळं आठवत असतं, तरी तो म्हणतो, मी तुला ओळखत नाही. मग आकाशवाणी होते, तेव्हा हा म्हणतो की मला माहीतच होतं, पण नुसत्या तुझ्या शब्दावर मान्य केलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. आता बघ, कालिदासाने काय केलं. दुष्यंताचा भित्रेपणा काढून घेतला आणि त्या जागी शाप ठेवला. नाटक सुंदर झालं यात वादच नाही, पण अडचण माणसाच्या आतून उचलून ऋषीच्या तोंडात नेऊन ठेवली. मी वर्गात दोन्ही शेजारी शेजारी वाचून दाखवायची, पोरी चिडायच्या, पोरं खाली बघायची.

म्हणून प्रेमाची गोष्ट वाचताना मी एकच काम करते, बाहेरची अडचण जरा बाजूला सरकवते आणि खाली काय आहे ते बघते. शाप, दारू, कली, लोकापवाद, जे असेल ते. खाली बहुतेक वेळा तुमच्यासारखीच दोन माणसं सापडतात ज्यांना समोरचा नेमका कोण आहे हे कळेनासं झालेलं असतं.

सगळीकडे हे चालत नाही हेही सांगून टाकते. नागपुरात बसून जातीला "लेखकाची सोय" म्हणणं मला शोभणार नाही, बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न, यावरून ती भिंत केवढी हे समजून घे. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं, त्यातल्या शिकलेल्या, कमावत्या मुलींची कोंडी त्यांनी स्वतः तयार केलेली नव्हती. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली मास्तरीण बेणारे, खेळातल्या खोट्या खटल्यात तिच्यावर तर अख्खी नाटकमंडळी तुटून पडते. पण तिथेही एक बघ, ज्याच्यावर तिने प्रेम केलं तो प्रोफेसर दामले अख्ख्या नाटकात येतच नाही. साक्षीदार म्हणून त्याचं नाव पुकारतात आणि येत कोणीच नाही. समाजाचा राग आपल्याला पहिल्या वाचनात येतो, दामलेचा मला चाळिशीनंतर यायला लागला.

आता मुख्य गोष्ट, आणि ती आपल्याकडचीच आहे. दमयंती विदर्भाची. रुक्मिणी विदर्भाची, रघुवंशातली इंदुमती विदर्भाची, मालविकाग्निमित्रातली मालविकाही विदर्भाचीच. जुन्या कवींना प्रेमाची नायिका पाहिजे असली की ते इकडे बघायचे, आणि आपण आजही पुण्याकडे बघतो, असो.

नल-दमयंती म्हटलं की लोकांना हंस आठवतो. पोरांना पेपरात विचारलं की दमयंतीने नलाला कसं ओळखलं, तर दहातल्या नऊ उत्तरांत "कारण तिचे प्रेम खरे होते". मी अर्धा मार्क द्यायची. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला ही गोष्ट सांगतो, तिथे काय आहे ते नीट बघ. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघंही नलाचं रूप घेऊन बसलेत. पाच नल. आणि तिला ओळखता येत नाही! खरं प्रेम असूनही येत नाही. शेवटी ती देवांनाच विनवते की तुमच्या खुणा दाखवा. मग तिला दिसतं की चौघांना घाम नाही, डोळे मिटत नाहीत, हार ताजे, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला लागत नाहीत. आणि एकाची सावली पडली आहे, हार कोमेजलाय, अंगावर धूळ आहे, घाम आलाय, पापण्या लवताहेत. ती त्याच्या गळ्यात माळ घालते.

म्हणजे निवड कशी झाली बघ, चार बिनघामाचे सोडून एक घामेजलेला घेतला. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला वर्गात हे शिकवताना वेगळं काही समजवावं लागत नसे, सगळा वर्ग नलच असायचा.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्वयंवरात नाही, ते पुढे आहे. लग्न होतं, दोन मुलं होतात, संसार सुखाचा, आणि हे सगळं महाभारत चार-दोन ओळींत उरकतं. कलियुगाचा अधिपती कली मात्र, दमयंतीने देव सोडून नलाला निवडलं म्हणून चिडून, टपून बसलेला, बारा वर्षं वाट बघतो, आणि शेवटी काय निमित्त मिळतं, तर नल लघवीला जाऊन आला आणि पाय न धुता संध्येला बसला. बस एवढंच. मला ही जागा फार आवडते कारण संसार कुठून उसवतो तर असल्याच ठिकाणाहून, मोठा गुन्हा लागत नाही. मग कली त्याच्या अंगात शिरतो, द्यूत होतं, राज्य जातं, दोघं रानात, पक्षी त्याचं वस्त्र घेऊन उडतात, दोघांत एकच वस्त्र उरतं.

आणि इथे तो संवाद आहे ज्यासाठी मी तुला एवढं सांगून राहिले. नल तिला रस्ते दाखवायला लागतो. हा रस्ता दक्षिणेकडे, हा विंध्य, इकडून विदर्भ. नुसती माहिती. आणि ती कापायला लागते, म्हणते, तुम्ही मला माझ्या माहेरचा रस्ता परत परत काहून दाखवता? सोडून जायचं मनात आहे का? तो म्हणतो, छे, मी स्वतःला सोडीन पण तुला नाही. रात्री ती झोपली की तो अर्धं वस्त्र तलवारीने कापतो आणि जातो. परत येतो, तिच्याकडे बघतो, पुन्हा जातो. झोक्यासारखं त्याचं मन जात होतं येत होतं असं तिथे लिहिलंय. आता कली काढून टाक या प्रसंगातून. काय उरतं? हरलेला एक माणूस, ज्याला बायकोच्या डोळ्यांत आपला पराभव बघवत नाही, आणि एक बाई जिला त्याच्या साध्या वाक्यामागचं वाक्य ऐकू येतं पण तो नाही म्हणतो म्हणून ती विश्वास ठेवते. तुमच्या "उशीर काहून झाला" मध्ये घड्याळाचा प्रश्न किती आणि रस्ता दाखवणं किती, हे तुमचं तुम्ही बघा.

रामटेकला जाऊ. नागपूरहून पन्नास किलोमीटर, दर आषाढात कोणी ना कोणी गाडी काढतंच, गडावर जातो, कालिदासाच्या स्मारकात फोटो काढतो, ढग आला तर आला. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं आपले संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी मांडलं, छत्तीसगडवाले रामगढ म्हणतात, त्यांच्याशी भांडायला मला आवडतं पण आत्ता नाही. यक्ष कामात चुकला म्हणून वर्षभराची हद्दपारी, आठ महिने झालेत, चार उरलेत, आणि तो ढगाला निरोप देतो. विरह म्हणजे बाहेरची अडचण, झालं, असं वाटतं.

पण वाचताना लक्षात ठेव की त्याची बायको त्या अख्ख्या काव्यात एक शब्द बोलत नाही. ती वाळली असेल, उंबऱ्यावर फुलं मांडून दिवस मोजत असेल, वीणा मांडीवर घेऊन सूर विसरत असेल, हे सगळं यक्ष सांगतो. रामटेकला बसून तिकडच्या अलका नगरीतलं. आमच्या बैठकीतल्या एक काकू, बँकेतून रिटायर झालेल्या, एकदा म्हणाल्या, "आणि त्या वर्षात तिचं दोन किलो वजन वाढलं असलं तर?" सगळे हसले, मी पण, पण घरी येऊन मी उत्तरमेघ, म्हणजे मेघदूताचा दुसरा भाग, पुन्हा वाचला आणि काकूंचा प्रश्न डोक्यातून जाईना. यक्ष ज्या बाईवर एवढा जीव टाकून राहिला ती आठ महिन्यांपूर्वीची आहे, उरलेली त्याने स्वतः रंगवली आहे.

मात्र कालिदास एवढा भाबडा नव्हे. शेवटाकडे यक्ष ढगाला एक खूण सांगतो, जी ऐकून बायकोला पटावं की निरोप नवऱ्याचाच आहे. फक्त दोघांना ठाऊक असलेली गोष्ट. आता एवढ्या आठवणींतून हा कोणती निवडतो? एकदा ती त्याच्या गळ्याला मिठी मारून झोपली होती आणि एकदम रडत जागी झाली. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा आतल्या आत हसून म्हणाली, लबाडा, स्वप्नात तू दुसऱ्या बाईबरोबर दिसलास. ही खूण! पहिली भेट नाही, पहिला पाऊस नाही, तिच्या मनातल्या संशयाची रात्र. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला पहिल्यांदा वाटलं की यक्ष आपल्या बायकोला ओळखत होता खरा. तुम्ही दोघं ज्या तपासणीने हैराण आहात, ती हसून संपू शकते का नुसती जमा होत राहते, यात फरक आहे.

दिवस मोजण्यावरून गाथासप्तशती आठवली. हाल सातवाहनाच्या नावावरचा सातेकशे गाथांचा संग्रह, माहाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या भाषेची आजीच. त्यात एक बाई, नवरा परगावी निघालाय. ती भिंतीवर रेघ मारते, आज गेला. पुन्हा रेघ, आज गेला. पुन्हा, आज गेला. आणि पहिल्या दिवसाची दुपार होईपर्यंत भिंत रेघांनी भरून गेली. दोन ओळींत सगळं. मेघदूताच्या मंदाक्रांता वृत्ताचा सगळा डौल मला मान्य आहे पण त्या भिंतीपुढे मी गप्प होते. बाकी या गाथांत प्रेमाच्या लबाड्याही भरपूर आहेत, कुणाची तरी बायको कुणाला तरी भेटायची जागा सुचवते आणि वर वर बोलते भलतंच, ते वाचलं की "आमच्या काळी असलं नव्हतं" म्हणणाऱ्या लोकांकडे बघून हसू येतं.

आता भवभूती. हाही आपल्याच बाजूचा, पद्मपूरचा, आणि ते पद्मपूर म्हणजे गोंदियाकडे आमगावजवळचं असं मानतात. उत्तररामचरित, आठव्या शतकातलं नाटक. पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवतोय, त्यांच्याच आयुष्यातली. दोघं बघतात, आठवतात, हसतात, ती गरोदर आहे, थकून त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपते. त्याच क्षणी दुर्मुख लोकांत काय बोललं जातंय ते घेऊन येतो. बाहेरची अडचण हजर. पण बघ, तिला टाकायचं ठरवल्यावर राम काय करतो? तिला उठवून विचारत नाही. सांगतसुद्धा नाही. चित्रातल्या जुन्या सीतेबद्दल भरभरून बोलणारा माणूस हातावर झोपलेल्या सीतेशी एक वाक्य बोलत नाही.

बारा वर्षांनी पंचवटी. तिसरा अंक, नाटकवाले त्याला छायांक म्हणतात. सीता अदृश्य आहे, राम तिला बघू शकत नाही, ती त्याला बघू शकते, ऐकू शकते. वनदेवता वासंती त्याला टोचून टोचून विचारते की तू असं कसं केलंस, आणि तो कोसळतो, बेशुद्ध पडतो, सीता हात लावते, शुद्धीवर येतो, स्पर्श ओळखतो, पण समोर कोणी नाही. मग त्याच्या तोंडून तिला कळतं की अश्वमेधात पत्नीच्या जागी त्याने दुसरी बाई बसवली नाही, सोन्याची सीता केली. आणि ती म्हणते, टाकलं जाण्याच्या लाजेचं शल्य आता उपटलं गेलं. ही जागा मी शिकवताना दर वर्षी अडखळायची. एकीकडे राग येतो, की सोन्याची मूर्ती करायला वेळ होता, विचारायला नव्हता? आणि दुसरीकडे असंही वाटतं की तिला हेच ऐकायचं होतं, बारा वर्षं, आणि ते ऐकायला अदृश्य व्हावं लागलं. नातं टिकवण्याबद्दल भवभूतीचं म्हणणं काय ते मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणूनच तो मला कालिदासापेक्षा जवळचा.

हे झालं जुनं. सावनेर माहीत आहे ना, काटोलच्या पुढे नाही रे, छिंदवाड्याच्या रस्त्यावर. तिथे २३ जानेवारी १९१९ ला राम गणेश गडकरी गेले, आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगमंचावर आणलं. त्यांनी ते बघितलंच नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत, वकील सुधाकर, वकिलीची सनद जाते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो, पुढे सत्यानाश. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्र रडवला. अडचण कोणती, तर दारू. पण मी पोरांना विचारायची, प्याल्याआधीचा सुधाकर कसा होता? मानी, तापट, भर कोर्टात अपमान सहन न होणारा, आणि नंतर आपल्याच माणसांना तोंड दाखवायला लाजणारा. तोच नल. आणि सिंधू? तिचं प्रेम मोठं आहे, मी नाकारत नाही, पण ती ज्याच्यावर प्रेम करते तो सुधाकर नाही, पती नावाचा देव आहे, बिनघामाचा. समोरचा माणूस रोज थोडा थोडा बदलतोय आणि ही त्याच्याकडे बघतच नाही, मूर्तीकडे बघते. शेवटी तो मारतो तेव्हाही ती मरताना सांगते मी पडले. १९१९ साली यावर लोक हात जोडत होते. २०१० च्या सुमारास माझ्या वर्गातली एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, हे प्रेम नाही, हे तर पोलिसात द्यायचं मॅटर आहे." तिला मी पूर्ण मार्क दिले असते पण प्रश्न तोंडी होता.

(गडकऱ्यांची 'प्रेम आणि मरण' ही कविताही वाच, त्यात झाड विजेच्या प्रेमात पडतं. वीस वर्षांच्या वयात फार भारी वाटते. पंचविशीनंतर झाडाची काळजी वाटते.)

एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', १९८५. यात प्रेमप्रकरण म्हणजे रंजू, ट्यूशनच्या मास्तरबरोबर घरातलं सोनं घेऊन मुंबईला पळते, परत आणतात, सोनं गेलेलं असतं. पण या नाटकातलं खरं प्रेम मला रंजूच्या गोष्टीत दिसत नाही, ते भास्कर आणि वहिनीच्या रात्रीच्या प्रसंगात दिसतं, जेव्हा घराण्याचे दागिने बाहेर निघतात आणि वहिनी ते अंगावर घालते. दिवसभर हिशेब, कुरबुर, कोण किती वाटा मागून राहिला, आणि मग ती रात्र. त्या सोन्यात हाव आहे, घराण्याचा रुबाब आहे, आणि नवराबायकोचं काहीतरी आहे जे दिवसा दिसत नाही. तिन्ही एकत्र, वेगळं काढता येत नाही. हॉल बुक केलाय म्हणतोस म्हणून सांगते, लग्नाच्या याद्यांवरून होणारी भांडणं नुसती याद्यांची नसतात.

खांडेकरांचं 'ययाति' वाचलं असशील, आवडलं असेल, मला भाषा जड वाटते पण एका गोष्टीसाठी ते पुन्हा उघड, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापल्या तोंडाने सांगतात आणि प्रत्येकाला आपलीच बाजू स्वच्छ दिसते. सुरेश भटांच्या गझला आणि ग्रेसच्या कविता मी तुला आत्ता देणार नाही. दोघंही आपल्या गावचे म्हणून अभिमान आहे, पण भांडण चालू असताना रात्री भटांच्या गझला ऐकल्या की माणूस स्वतःच्याच दुःखाच्या प्रेमात पडतो, आणि ग्रेसच्या कवितेत शिरला की बाहेर यायला वेळ लागतो. लग्नानंतर वाच.

बाहेरचं एकही माणूस आडवं नाही अशी गोष्ट पाहिजे असेल तर रवींद्रनाथांची 'नष्टनीड', १९०१. भूपती वर्तमानपत्र चालवतो, भला माणूस आहे, घरात पैसा आहे, बायको चारू एकटी, नात्यातला दीर अमल घरात राहतो, दोघं लिहितात-वाचतात, चिडवाचिडवी, आणि चारूला कळायच्या आत तिचं मन तिकडे गेलेलं असतं. कोणी वाईट नाही. कोणी ओरडतसुद्धा नाही. अमल निघून जातो. भूपतीला फार उशिरा कळतं की आपण या बाईला बघितलंच नव्हतं, वर्तमानपत्राची प्रूफं बघत होतो. शेवटी तो नोकरीसाठी मैसूरला निघतो, ती म्हणते मलाही न्या, तो थबकतो, आणि मग म्हणतो, नाही, ते मला जमणार नाही. तेवढ्यातून तिला सगळं कळतं. मग तो म्हणतो, चल, ये. आणि ती म्हणते, राहू द्या. बंगालीत ते दोनच शब्द आहेत, "ना, थाक". ही गोष्ट वाचून झाल्यावर आमच्या बैठकीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही, फक्त कूलर.

टॉल्स्टॉयच्या 'आना करेनिना'त आनाची गोष्ट सगळे सांगतात. तू लेविन आणि किटीचा तो प्रसंग बघ, पत्त्यांच्या टेबलावर खडूने नुसती आद्याक्षरं लिहायची आणि दुसऱ्याने अख्खं वाक्य ओळखायचं. ती ओळखते. स्वप्नवत! पण लेखक तिथे थांबत नाही, लग्नानंतर हीच दोघं फालतू कारणांवरून भांडतात, लेविनला असूया होते, तोंड फुगवतात. आणि तिकडे आनाला जे पाहिजे होतं ते मिळालंय, व्रोन्स्की सोबत आहे, तरी तो संध्याकाळी बाहेर गेला की तिचा जीव खालीवर. समाजाने तिला बाहेर काढलं हे खरंच आहे, तो बाहेर जाऊ शकतो आणि ती नाही, म्हणून तिचं सगळं जग त्याच्या परत येण्याच्या वेळेवर येऊन थांबलंय. "उशीर काहून झाला" चा याहून मोठा प्रसंग मी वाचलेला नाही.

आणि रुसवा राहिलाच. कौंडण्यपूरची रुक्मिणी, जिने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला सांगितलं की देवीच्या देवळाशी ये आणि मला घेऊन जा, तीच पुढे राधेवरून रुसून पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात जाऊन बसली असं आपल्या ओव्या सांगतात. पंढरपूरला आजही तिचं देऊळ वेगळं. आणि तरी दर आषाढीला कौंडण्यपूरहून तिची माहेरची पालखी निघते. पळून जाऊन केलेलं लग्न, त्यातही रुसवा, आणि तो असा दगडात बांधून ठेवला की कोणी म्हणत नाही की यांचं मोडलं.

रुसव्यावरून कवी अनिल. 'अजुनी रुसून आहे' बद्दल दर वर्षी एक फॉरवर्ड येतं की बायको गेल्यावर तिच्या उशाशी बसून त्यांनी ही कविता लिहिली. त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे १९६१ साली गेल्या, कविता त्याच्या कितीतरी वर्षं आधीची आहे. लोकांना रुसलेल्या बायकोवरची कविता पुरत नाही, मेलेलीच पाहिजे, त्याशिवाय प्रेम मोठं वाटत नाही, आणि याचाच मला राग येतो. त्यापेक्षा त्या दोघांचा पत्रव्यवहार वाच, 'कुसुमानिल', १९७२ साली पुस्तक आलं. विदर्भातली दोन तरुण माणसं, एक कवी, एक पुढे मराठीतली मोठी समीक्षक झालेली, एकमेकांना समजून घ्यायला पानंच्या पानं लिहिताहेत. काही पत्रं कंटाळवाणी आहेत, खरं सांगते. प्रेमपत्रं तिसऱ्या माणसाला कंटाळवाणीच असतात.

तर आता शनिवारी येशील तेव्हा वनपर्वातला नलोपाख्यानाचा शेवट घेऊन ये, आणि तिला पण आण, तिला पुस्तकं आवडत नाहीत म्हणालास तरी आण, पोहे तर्रीचे असतील.

शेवट असा आहे. तीन वर्षं उलटून गेली आहेत. नल सापाच्या विषाने कुरूप होऊन बाहुक नावाने सारथी झालाय. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी पाठवून त्याला विदर्भात खेचून आणते. बाहुक हाच नल का, हे तिला कळत नाही, चेहरा तर वेगळाच. ती दासीला पाठवते, तो कसा वागतो ते बघायला. मग त्याने शिजवलेलं मांस मागवते आणि चाखून बघते. तेव्हा तिला पटतं. मग मुलांना त्याच्याकडे पाठवते, तो त्यांना जवळ घेऊन रडतो आणि सारवासारव करतो की माझी पण अशीच मुलं आहेत हो.

मग दोघं समोरासमोर. आणि पहिलं बोलणं काय, तर भांडण. ती विचारते, रानात झोपलेल्या बायकोला टाकून जाणारा, स्वतःला धर्म जाणणारा म्हणवणारा माणूस बघितला आहेस का कुठे? तो रडतो आणि म्हणतो, ते मी नाही केलं, कलीने केलं. आणि लगेच पुढे, पण तू दुसरं लग्न करायला कशी निघालीस? म्हणजे एवढं सगळं होऊनही आधी दोष बाहेर टाकला आणि मग उलटतपासणी सुरू. ती शांतपणे सांगते की तुम्हाला आणायलाच केलं ते, एका दिवसात शंभर योजनं घोडे पळवू शकणारा दुसरा कोण आहे या पृथ्वीवर? वारा साक्ष देतो. मग तो आपलं रूप परत घेतो, आणि दमयंती त्याला बिलगते, आणि महाभारत मुद्दाम सांगतं की तेव्हा तिच्या अंगावर मळ होता.

हे पान तुम्ही दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, नलाचं बोलणं तिने आणि दमयंतीचं तू.